‘काही सापडलं नाही’ एवढं लिहून द्या

आणि मी म्हणते, माझ्या टोपलीत काही सापडलं नाही, तर तसं लिहून द्यायला हात दुखते का? शुक्रवारपासून तीनदा नाक्यावर जाऊन आली. एकदा म्हणे साहेब नाहीत, एकदा म्हणे शाई संपली... काल तर म्हणे, बाई, घरी कामं नाहीत का तुले.

कामं आहेत. म्हणूनच हे लिहून चावडीच्या भिंतीवर लावून राह्यली. तिसरीपर्यंत शिकली मी, अक्षर वाकडं आहे, पण वाचता येते.

शुक्रवारी आरमोरीच्या बाजारातून कोशाचं बीज घेऊन येत होती. नाक्यावरचे लोक बाहेरगावचे, त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते... बीज म्हणजे रेशमाचे जिवंत कोसे, आत किडा झोपलेला. जेठ सरता सरता त्यातून पाखरं निघतात, अंडी घालतात. अंड्यातल्या अळ्या रानात ऐनाच्या झाडावर चढवायच्या, त्यांनी नवे कोसे विणायचे. आमच्या टोलीतली पाच घरं त्यावरच जगतात.

बीजाचं पाळणं कडक असते. टोपली घरी पोचेपर्यंत भुईवर टेकवायची नाही, आणणारीनं पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आणि दारूला शिवलेल्या हातचं बीज झाडावर चढत नाही. हे मी नाही ठरवलं, माझ्या सासूच्या सासूआधीचं आहे.

दारूबंदी आल्यापासून नाक्यावर पोलिस येत्याजात्याला थांबवते, मोहाची दारू शोधते. शोधा ना... आमच्यात कोणी पीतच नाही असं मी कुठं म्हणते. पण शोधायची काही रीत आहे की नाही?

शिपाई नवा होता, तोंडात तंबाखूचा तोबरा. म्हणे, टोपली खाली ठेव.

"ठेवत नाई भाऊ. बीज आहे. पाहायचं असन तं डोक्यावरच पाहा."

तो माझ्यापेक्षा हातभर बुटका. टाचा वर करून पाहिलं, जमलं नाही. शेवटी एक दगड ओढत आणला आणि त्यावर चढला... मागून कोणीतरी म्हटलं, "सांभाळ गा भाऊ, पडशीन."

त्यानं एक कोसा काढून कानाशी हलवला. आत काय वाजते, म्हणे. मी म्हटलं, किडा. "किडा वाजते का कधी?" आणि खिशातून चाकू काढून तीन कोसे चिरले. तपकिरी किडे धुळीत पडून वळवळले, तसा हा दगडावरून उडी मारूनच खाली आला. लोक हसले. मला हसू आलं नाही... मोठे मोठे निवडून चिरले होते.

मग म्हणे, कमरेची पिशवी दाखव. आणि हात पुढं केला.

"हात मागं घे. बाईची झडती बाईनंच घ्यायची, तुमचाच कायदा आहे. शाळेतल्या मास्तरीणबाईनं वाचून दाखवला मले."

"इथी बाई कुठून आणू?"

"ते तू पाहा गा. मी आहे उभी."

आणि फाटकाच्या मधोमध उभी राहिली. मागं बाजारातून परतणाऱ्यांची रांग लागली. मान भरून आली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं... पण टोपली काही खाली ठेवली नाही.

माझ्यामागं एक मिरचीवाली होती. ओळख ना पाळख. झडतीसाठी तिनं आपली टोपली खाली ठेवली होती, ती उचलून डोक्यावर घेतली आणि म्हटलं, "माहीबी इथंच पाहा मंग." तिच्या मागच्या तिघींनी तेच केलं. एका म्हाताऱ्यानं तर रिकामं पोतं डोक्यावर ठेवलं. शिपाई त्या दगडाकडे पाहत राहिला... किती वेळा चढणार.

शेवटी जमादार आला, वयानं मोठा. त्यानं फाटक उघडलं आणि जा म्हणाला. मी म्हटलं, काय सापडलं ते लिहून द्या.

"काहीच सापडलं नाही बाई, त्याचं काय लिहू?"

"तेच लिहा."

नाही लिहिलं. साहेबाला विचारून सांगतो, म्हणे.

माझ्याआधी बातमी टोलीत पोचली. कोशावाली नाक्यावर धरली, तर टोपलीत बाटली असनच. आमच्यात अळ्या झाडावर चढवायचा मान सोनबाचा. म्हातारा वाईट नाही, पण म्हणे, "माहा इस्वास आहे वो तुह्यावर. बाकी घरं नाई मानत. सरकारचा कागद आण, मी हात लावतो."

तेव्हापासून कोशांच्या माळा माझ्या आढ्याला टांगून आहेत आणि कोणी जवळ फिरकत नाही. काल खालचा एक कोसा ओला झाला. म्हणजे आतलं पाखरू वाट करून राह्यलं. अंडी फुटली की अळीला त्याच दिवशी पाला लागते, ती साहेबासाठी थांबत नाही.

त्या मिरचीवालीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाई, तू नसतीस तर माझी मान त्या दिवशी खाली गेली असती. कुठी असशील तिथी सुखी राहा.

आता नाक्यावरच्या साहेबांना. येत्या शुक्रवारी, बाजार उठायच्या आत, मला कागद पाहिजे. ‘काही सापडलं नाही’ हे तीन शब्द, खाली सही आणि शिक्का. चिरलेले तीन कोसेही त्यात लिहा. नाही दिला, तर शुक्रवारी मी टोपली डोक्यावर घेऊन फाटकातच उभी राहीन, आणि या वेळी एकटी नसेन.

दगड तिथंच राहू द्या.