विहिरीच्या चौकशीला आलेले जंतू

आमच्या विहिरीत विष उतरतंय, हे मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. आम्ही पिढ्यांपासून इकडे उत्तरेत राहिलेले मराठी; ओरछा गेटच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून शेजाऱ्याचं दुकान. पितळेच्या मूर्तींना नि हारांना सोन्याचं पाणी चढवतो. त्याच्या दुकानाची सांडपाण्याची नाली मी रोज वाकून तपासतो. तेजाबाचा वास असा, की आमच्या कढीपत्त्याने भर श्रावणात संन्यास घेतला. विहिरीचं पाणी प्यायलेलं एक कबूतर किल्ल्याकडे उलटं उडत गेलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. वहिनी म्हणाल्या, वारा होता. विहिरीविरुद्ध त्यांना एक शब्द खपत नाही. देवाचा नैवेद्य नि आमचं वरण आजही तिच्याच पाण्यात शिजतं.

मी शेजाऱ्याला तोंडावर बजावलं, "दुकान पे ताला लगवा दूँगा!"

"पंडितजी, ताला लग गओ तो बाल-बच्चा का खैहैं?"

इतकं गरीब तोंड केलं त्याने, की माझा संशय दुप्पट झाला.

आता पुरावा हवा होता. तो द्यायला वहिनींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुढे आली. लोक म्हशी पाळतात, ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू पाळते. त्यांचा गुण असा, की धडधाकट असले तर अंधारात निळसर चमकतात आणि पाण्यात विषारी काही असलं की मंदावतात. तिने आईला एक काचेची बाटली दिली नि पाणी भरून ठेवायला सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही कोठीच्या खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या. अंधारात पुतणीने दोन कुप्या धरल्या. जंतू दोन्हींत होते. एकीत प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी घातलेलं, दुसरीत आमचं. पहिलीचा उजेड असा, की मला वहिनींच्या कपाळावरचं कुंकू दिसलं. दुसरी बघता बघता फिकी पडली.

"सापडला!" मी ओरडलो.

"काका, रुका जरा! जंतू फक्त बिघडलंय एवढं सांगतात. किसने बिघडवलं ते नाही सांगत."

पण मी गल्लीत पोचलोसुद्धा होतो. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की उद्या सकाळी दुकानाविरुद्ध अर्ज जाणार. शेजारी हातातली मूर्ती खाली ठेवून उभा राहिला. मग आत जाऊन एक तांबडी बादली घेऊन आला. "जो हमाए हैंडपंप को पानी है. बिटिया, जाए भी देख लो. हमाए बच्चा जेई पियत हैं."

पुतणीने शेजाऱ्यादेखत बादलीतलं पाणी कोठीच्या अंधारात तपासलं. कुपी झगझगली! मी म्हटलं, लबाडाने बाजारातून बाटलीबंद पाणी आणून ओतलं असणार. पुतणी मात्र माझ्याकडे न बघता आईकडे वळली.

"आई, पाणी कसं काढलं तू?"

"कसं म्हणजे? सोवळ्यात, देवाच्या तांब्याने. आदल्या संध्याकाळी चिंचेने लख्ख घासला, पाणी काढून सकाळपर्यंत त्यातच झाकून ठेवलं, मग तुझी बाटली भरली. जंतूंच्या घरची बाटली मी माझ्या विहिरीत सोडीन होय?"

"आणि चिंच धुतली नाही?"

"पुसली की. चिंच काय ओवळी असते?"

पुतणीने कपाळावर हात मारला. "आई गं! तांबं यांना सहन नाही होत! चिंचेने तर और सुटतं ते. माणसाला जे जाणवतही नाही, त्यात ये बिचारे मरतात."

मग तिने वहिनींचा विरोध मोडून बाटलीच धुऊन दोरीने विहिरीत सोडली. ते पाणी मिळताच जंतू चमकले. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की कबुतराचा विषय मी तिथेच मिटवला. अर्ज गेला नाही. कढीपत्त्याबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

संध्याकाळी शेजाऱ्याला चहाला बोलावणं भाग होतं. वहिनींनी सवयीने आधी पाणी पुढे केलं, त्याच तांब्यातून. तो मागे सरकला.

"भाभीजी, स्टील को गिलास नइयाँ का?"

मी स्टीलचा पेला आणून विहिरीचं पाणी भरलं. त्याने पेला तिरका करून तळ पाहिला, वास घेतला, पुन्हा तळ पाहिला. त्याच्या नालीपाशी वाकून मी इतकी वर्षं जसं बघत आलो, अगदी तसं. मग पेला माझ्या हातात दिला.

"पैलें आप, पंडितजी."

मी प्यायलो.