हटवारकाकांनी पास केलेलं रक्त

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की हटवारकाका आधी चष्मा पुसतात आणि माणसाकडे न बघता आकड्यांकडे बघतात. तुमचा आकडा छापलेल्या हद्दीत बसला की म्हणतात, "हीट पास." तीस वर्षं त्यांनी स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत वितळलेल्या पोलादाचे नमुने तपासले. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला तिथे हीट म्हणतात. नमुना हद्दीत आला की तिच्यात आणखी काही घालायचं नाही. एवढ्या विद्येवर हा माणूस निवृत्तीनंतर अख्ख्या रुआबांधा कॉलनीचा डॉक्टर झाला. "रक्तात लोखंडच असते नं बाप्पा? मग?" हा 'मग' लोकांना पटत असे. शिवाय सल्ला फुकट.

माझा धाकटा भाऊ दिलीप याला एचआयव्ही होता. गोळ्या दुर्गच्या सरकारी दवाखान्यातून मिळत. सुरुवातीला त्याच्या रक्तातल्या सीडीफोर पेशी होत्या एकशे बारा. शरीरावर हल्ला झाला की या पेशी बाकीच्यांना जागं करतात, आणि हा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरून त्यांना संपवतो. दोन वर्षं गोळ्या खाऊन त्या पाचशे चाळीसवर गेल्या. दिलीप हरखून तो कागद काकांकडे घेऊन गेला. मी सोबत होतो.

"हीट पास. आता गोळ्या कायले खाऊन राहिला बे?"

"डॉक्टर म्हणते, जिंदगीभर खा लागते."

"डॉक्टरले त्याचं दुकान चालवा लागते. माल रेंजमध्ये आल्यावर कोणी भट्टीत आणखी टाकते का? उलट हीट बिघडते."

सरकारी गोळ्या, फुकटच्या. त्यात कसलं दुकान? पण दोन ठिकाणी विचारल्याशिवाय जुनी मोटरही न घेणारा मी, त्या दिवशी मान डोलावून घरी आलो. दिलीपने गोळ्या सोडल्या.

सात महिन्यांनी ताप, खोकला, अंगावर कपडे लोंबायला लागले. पेशी शहाऐंशी. फुफ्फुसात टीबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशी वाढल्या होत्या, कारण गोळ्यांनी विषाणू दाबून ठेवला होता. गोळ्या थांबल्या आणि तो पुन्हा उठला."

तो रिपोर्ट मी काकांपुढे आपटला. त्यांनी शांतपणे वाचला.

"सॅम्पल बराबर घेतलं नसन."

अंगणातली खुर्ची मी उचललीच होती. काकू मध्ये आल्या म्हणून ती खाली ठेवली. या माणसाच्या बाजूने सांगण्यासारखं एकच आहे: दिलीपच्या रोगाचं नाव त्याने कॉलनीत कुणाला कळू दिलं नाही.

दवाखान्यात दिलीपने माझा हात धरला. "काकाले काही म्हणू नको, दादा."

"कावून? त्यानंच तुले इथं आणलं."

"सात महिने मी बिमार नव्हतो. पास झालो असं मले दुसरं कोणीच म्हटलं नाही. शब्द दे."

मी दिला. नवव्या दिवशी तो गेला.

काका अजून अंगणात बसतात. परवा शेजारची सून थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन त्यांच्यापुढे उभी होती. मला बघून त्यांनी नमस्काराला हात वर केला. मी काही बोललो नाही. दिलीपला दिलेला शब्द तोंडाने काही न म्हणण्याचा होता. लिहिण्याबद्दल आमचं काही ठरलं नव्हतं.