आबांचे बटण

आमच्या मंडळाला नाव नव्हते. ज्या शहरात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसे मोर्चे काढीत होती आणि लाठ्या खात होती, त्या शहरात आम्ही चौघांनी नाव ठेवण्याचा विषय टाळलेलाच बरा, असे ठरवले होते. जमायचे मात्र नेमाने. संध्याकाळी पाळी सुटली की सायकली थेट पडेगावकडे वळत. तिथे आमच्यापैकी एकाच्या दोन खोल्यांच्या घरात आमचा संगणक होता.

संगणक म्हणजे रबरी कळांची, दप्तरात मावेल एवढी काळी पेटी. कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी ती आमच्या हवाली केली. तिला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या टीव्हीची अँटेनाची वायर काढायची आणि तिथे या पेटीची वायर खोचायची. तिला स्वतःची स्मरणशक्तीही नव्हती. लिहिलेला प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर लावून तो परत पेटीत चढवायचा. त्या वेळी टेपमधून जो किरकिराट निघे, तो ऐकून शेजारच्या कोंबड्या उठून जात. मध्येच वीज गेली की सारे पुसले जाई, आणि टेप पुन्हा पहिल्यापासून.

त्या किरकिराटातले मर्म ओळखणारा आमच्यात एकच होता. शहागंजात त्याचे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते आणि आम्ही त्याला उस्ताद म्हणत असू. डोळे मिटून तो दोन क्षण ऐकायचा आणि निकाल द्यायचा.

"बंद करो पंडितजी. नै चढता ये."

"अजून अर्धं मिनिटही झालं नाही, उस्ताद!"

"गला बैठेला है इसका. सुनाई नै देता क्या तुमको? मंतर पढ पढ के कान गए तुम्हारे."

आमच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी होती, एवढ्या भांडवलावर तो मला पंडितजी म्हणे. मग बारीक पेचकसाने टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवी, आणि तीच कॅसेट मुकाट चढे. पदविका पूर्ण करून मी नुकताच कारखान्यात उमेदवारीला लागलो होतो. उस्तादाच्या त्या केसभर फिरवण्याचे मला जे कौतुक वाटे, ते आजही तसूभर कमी झालेले नाही.

तिसरा गडी आमचा कलाकार. दिवसा तो एका कचेरीत कारकुनी करी आणि उरलेला वेळ नामांतराच्या मोर्च्यांचे फलक रंगवी. त्याच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला होता. प्रोग्रॅममधले त्याला काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण आलेखाच्या कागदावर चौकटी काळ्या करून तो जी चित्रे काढी, ती पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटली की आम्ही तिघे टाळ्या पिटत असू.

"कलाकार, तुम्हारे नाम का क्या हुआ?" उस्ताद त्याला विचारी.

"लोडिंग चालू आहे. दहा वर्षं झाली."

"हेड घुमा के देखो ना मियाँ."

"हेड वरचं आहे, मुंबईचं. आपला पेचकस पोचत नाही तिथं."

पुढे बऱ्याच वर्षांनी निर्णय झाला, तेव्हा तो पेढे घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "झालं लोड. जुन्या नावासकट झालं, पण झालं." पण ते पुष्कळ पुढचे.

चौथा, म्हणजे ज्याच्या घरी आम्ही जमत असू तो, आमच्याच कारखान्यात विजेच्या देखभालीवर होता. गंगापूर तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या मागच्या पिढ्या वाड्यावस्त्यांवरून मेंढरांमागे हिंडल्या, आणि वाळूजकडे कारखाने उभे राहू लागले तेव्हा बांधलेल्या घरात कायमचा राहायला आलेला हा पहिलाच. आम्ही त्याला गंगापूरकर म्हणत असू. मोटर जळो, फ्यूज उडो, साहेब ओरडो, त्याचा आवाज कधी चढत नसे. "बघू की. तिला काय झालंय ते तीच सांगन," असे तो यंत्राविषयी म्हणे.

त्याच्या वडिलांना, आबांना, त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याने त्यांना गावाहून पडेगावला आणले. टीव्हीसमोरच्या भिंतीला त्यांची खाट लावली. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना सगळे समजते, फक्त सांगता येत नाही. मान हलवून हो-नाही सांगायचे तर तेही उलटसुलट होई. जे नको त्यालाही मान डोलावीत आणि मग स्वतःवरच चिडत.

दिवस तसा बरा जाई. संध्याकाळी मात्र आबांचे काहीतरी बिनसे. घशातून आवाज काढीत, डाव्या हाताने खाटेची कड बडवीत आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून पडत. मग घासही घेत नसत. दिवसेंदिवस त्यांचे अंग वाळत चालले होते.

"रोज त्याच येळंला व्हतं," गंगापूरकर एकदा म्हणाला. त्याच्या आवाजात मी तेव्हा प्रथमच कंप ऐकला. "दुखतंय का, भ्या वाटतंय का, गाव आठवतंय का, काय कळंना झालंय. मला नुस्तं कळू द्या, बाकी मी बघतो."

त्या संध्याकाळपासून आमच्या मंडळाला खेळ सोडून प्रथमच काम मिळाले. आबांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पडद्यावर एकामागून एक चित्रे यावीत, हवे ते चित्र आले की आबांनी डाव्या हातातले बटण दाबावे, चित्र तिथेच थांबावे आणि पेटी पिप्प वाजावी, असे ठरले. बटण म्हणजे दारावरच्या घंटीचे. उस्तादाने त्याला खाटेपर्यंत पोचेल अशी लांब वायर जोडली. प्रोग्रॅम मी लिहिला. कलाकाराने पाण्याचा तांब्या, भाकरी, चहाची कपबशी, घोंगडी, दवाखान्याची बाटली आणि घराचे दार काढले. हौसेने एक मेंढीही काढली.

"हे काय, कुत्रं?" गंगापूरकराने विचारले.

"मेंढी आहे."

"आमच्यात अशी मेंढी निघाली तर तिला आम्ही मेंढरांत नाय, रखवालीला ठिवू."

आबा तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने हसले. झटक्यानंतरचे ते त्यांचे पहिले हसू असावे. कलाकाराने मेंढीचे कान खाली पाडले, पाय काटकुळे केले, आणि तिला सर्वांनी मेंढी म्हणून मान्यता दिली.

सुट्टीच्या सकाळी पहिली चाचणी झाली. चित्रे सरकू लागली. कपबशी आली आणि आबांनी बटण दाबले. पिप्प! गंगापूरकराच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, चहा आणला, आबांनी तो बशीने प्यायला, आणि आम्ही चौघे परीक्षा पास झाल्यासारखे एकमेकांकडे पाहत राहिलो. गंगापूरकराने वडिलांच्या हातातली वायर उगाचच नीट गुंडाळली आणि परत सोडली.

पण खरा प्रश्न संध्याकाळचा होता. त्या संध्याकाळी आम्ही मोठ्या आशेने टेप लावली. प्रोग्रॅम चढला. पाणी गेले, भाकरी गेली, कपबशी गेली. आबांनी बटण दाबले ते दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या पडद्यावर. एक चित्र पुसून दुसरे रेखायला पेटीला थोडा वेळ लागे, तेवढा वेळ पडदा कोरा असे. त्या कोऱ्यावर दाबलेल्या बटणाला काही अर्थच नव्हता. आम्ही पुन्हा सुरू केले. पुन्हा रिकाम्या पडद्यावरच बटण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तेच.

आम्ही बहुतेक यंत्रांशी झगडणारी माणसे. चूक दिसली की ती यंत्राची असते किंवा यंत्र चालवणाऱ्याची, तिसरी जागा आम्हाला ठाऊक नव्हती. उस्तादाने बटण बदलले. गंगापूरकराने वायर तपासली. मी चित्रांचा वेग कमी केला, कारण आबांचा हात उशिरा पोचत असेल. वेग कमी केला तरी आबा कोऱ्या पडद्याची वाट पाहत आणि नेमके तेव्हाच दाबत. कलाकार म्हणे, चित्रे मोठी करू या. उस्ताद म्हणे, प्रत्येक चित्राला एकेक सूर लावू या. या दुरुस्त्यांत संध्याकाळमागून संध्याकाळ जाऊ लागली. एकदा वहिनी दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, टीव्ही कवा मोकळा व्हनार?"

"दहा मिनिटं, वहिनी," मी मान वर न करता म्हणालो. ही दहा मिनिटे त्यांनी माझ्या तोंडून त्याआधीही ऐकली होती.

शेवटी मला एक उपाय सुचला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: पडदा कोरा असताना दाबलेले बटण धरू नये. आमच्या घरी नामांतराच्या मोर्च्याला 'गोंधळ' म्हणत. मीही तो शब्द विचार न करता वापरत असे, आणि ती ओळ लिहिताना माझ्या मनात तोच शब्द होता. गोंधळ वगळला की उरेल ते खरे उत्तर, असे मला वाटले.

त्या संध्याकाळी आबांनी कोऱ्या पडद्यावर बटण दाबले. काहीच झाले नाही. त्यांनी परत दाबले. चित्रे आपली सरकतच राहिली. आबांनी बटणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि बोटे उघडून ते खाली सोडून दिले. मग भिंतीकडे तोंड केले.

गंगापूरकराने वाकून बटण उचलले आणि वडिलांच्या पायाशी बसून राहिला. "चुकलं काहीतरी आपलं," एवढेच तो म्हणाला. 'आपलं' म्हणाला, 'तुझं' म्हणाला नाही.

कलाकार नखातला रंग खरवडत होता. एकाएकी त्याने विचारले, "सकाळी बरोबर दाबतात ना आबा?"

"सकाळी एकदम करेक्ट," उस्ताद म्हणाला.

"मग संध्याकाळी चुकीचं कसं दाबतील? ते चुकत नाहीत. ते निवडतात. त्यांना कोरा पडदाच पाहिजे."

"कोरे परदे का क्या करते आबा?"

"ते मला काय माहीत. पण आपली चित्रं नको म्हणतात ते. एकही नको."

आबांनी मान वळवली. खाटेच्या कडेवर डावा हात आपटला, एकदाच, पण या वेळी त्यात राग नव्हता. दारातून वहिनी हळूच पुढे आल्या. पदर नीट करीत, नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "ह्या येळंला टीव्हीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम असतो. कधी कधी मेंढरं दावतेत. तुमची संध्याकाळची पाळी होती तवा मामंजी रोज बघायचे माझ्यासंगं. मला वाटलं, चालू हाय म्हनून बघतेत."

आम्ही चौघांनी टीव्हीकडे पाहिले. त्याच्या पाठीत आमची वायर खोचलेली होती आणि अँटेनाची वायर खिळ्याला लोंबत होती. त्या माणसाला काय हवे ते विचारण्यासाठी आम्ही रोज संध्याकाळी त्याला हवे तेच काढून घेत होतो. चित्रांत आम्ही तांब्या घातला, दार घातले, गावाकडची मेंढीही घातली. ज्या डबड्यावर ती सारी दिसत होती, ते डबडे तेवढे आम्हाला दिसले नाही. ते आमच्या हिशेबी संगणकाचा एक भाग होते.

"या अल्ला," उस्ताद कपाळावर हात मारून म्हणाला, "बीमारी हमीच थे."

गंगापूरकर मात्र हसला. पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आबा, तुम्ही आधीच सांगितलं असतं तर!" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन पुन्हा हसला. त्याच्या जागी मी असतो तर मित्रांना घराबाहेर काढले असते. त्याने वडिलांना उठवून बसवले, पाठीला घोंगडी दिली आणि टीव्हीच्या मागे हात घातला.

"थांब," कलाकार म्हणाला. "असं नको. त्यांना मागू दे."

त्याने खिशातून कागद काढला आणि मांडीवर ठेवून चौकटी काळ्या केल्या: एक खोका, त्यावर अँटेनाच्या दोन काड्या. मी माझी ती ओळ खोडली आणि नवे चित्र सर्वांत पुढे घातले. आबांच्या हातात बटण दिले. पडद्यावर ठिपक्यांचा छोटा टीव्ही उमटला. आबांनी तो नीट निरखला आणि अंगठा असा दाबला की नख पांढरे पडले.

पिप्प!

गंगापूरकराने आमची वायर उपटली आणि अँटेनाची खोचली. पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या, आणि कुणीतरी कांदा साठवण्याच्या चाळीविषयी सांगू लागले. मेंढरे त्या दिवशी नव्हती. आबांची त्याबद्दल काही तक्रार दिसली नाही. कार्यक्रम चालू असताना वहिनींनी त्यांना भाकरी कुस्करून दुधातून भरवली आणि त्यांनी पडद्यावरची नजर न काढता ती सगळी खाल्ली. गंगापूरकर कांद्याकडे नव्हे, त्या ताटलीकडे पाहत होता.

आम्हा तिघांना आता काही काम उरले नव्हते. पेटी बंद, टेप बंद. उस्ताद, कलाकार आणि मी भिंतीला टेकून ओळीने बसलो आणि कांद्याची चाळ कशी हवेशीर ठेवावी ते शेवटपर्यंत ऐकले. आमच्या यंत्राने दिलेले पहिले खरे उत्तर म्हणजे आम्हाला बंद करा, हे होते. पुढच्या आयुष्यात मी बरेच प्रोग्रॅम लिहिले, पण त्या उत्तराइतका माझा विश्वास दुसऱ्या कशावर बसला नाही.

रिकामी ताटली घेऊन वहिनी आत निघाल्या. माझ्यापाशी येताच क्षणभर थांबल्या.

"झाली का भाऊजी," त्यांनी विचारले, "तुमची धा मिन्टं?"