हमाल क्रमांक चार

डोंगरावरच्या संशोधन केंद्रात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. वर येणाऱ्या गिर्यारोहकांची दिवसभराची लघवी बाटल्यांत गोळा करायची, मोजायची, रक्ताचे नमुने गोठवायचे, हे तिचं काम. शहरातल्या दवाखान्यातली बरी नोकरी सोडून ती इथे का आली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ एका मोहिमेत हमाल होता. तो वरच गेला. मोहिमेच्या प्रमुखाने, ज्याला सगळे मास्तर म्हणत, अहवालात लिहिलं: दारूच्या नशेत चढला, म्हणून मेला. आईने त्या दिवसापासून शेजारीपाजारी जाणं सोडलं. दादाचा जोडीदार मात्र घरी येऊन सांगून गेला होता, "सकाळी त्याचे डोळे सुजले होते. आज थांबतो म्हणाला. मास्तर म्हणाले, नखरे खाली जाऊन कर."

त्या मोहिमेतल्या सगळ्यांचे नमुने शेवटच्या चढाईच्या सकाळी घेऊन याच केंद्रात तपासले होते. कागदावर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, त्यामुळे कुणी जुळवून पाहिलं नाही. तिने पाहिलं. हमालांची यादी तिला जोडीदाराकडून मिळाली आणि जुनी वही कपाटाच्या तळाशी सापडली. दादा चौथा होता. वही तिने दोन वर्षं जपून ठेवली. घाई करून तिला डाव वाया घालवायचा नव्हता.

मास्तर आता प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले होते. त्या वर्षी ते तीस प्रशिक्षणार्थी घेऊन केंद्रात आले. तिने फळ्यावर आकडे लिहिले आणि नम्रपणे म्हणाली, "सर, हा एक जुना हमाल. तुम्हीच मुलांना समजावून सांगा ना."

मास्तर खुलले. "उंचीवर गेलं की निरोगी शरीर मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरकं कमी करतं. लघवी वाढते, अंग हलकं होतं. पण ओझं घेऊन दिवसभर चढत राहिलं, तर तीच संप्रेरकं वाढतात आणि पाणी अंगात साठतं. याचं बघा, पाणी धरून ठेवणारं संप्रेरक तिप्पट आणि चोवीस तासांत लघवी जेमतेम दीड पेला. तोंड सुजलं असणार. पुढे फुप्फुसांत पाणी."

"काय करायला हवं होतं?"

"तिथल्या तिथे खाली उतरवायला हवं होतं. याला वर चढवणारा माणूस खुनीच म्हणायचा."

"दारू प्यायला असेल का, सर?"

"छे. दारूने ते संप्रेरक दबतं, लघवी उलट वाढते. शिवाय रक्तात दारूचा अंश शून्य आहे, तुम्हीच लिहिलंय."

तिने खडू उचलला आणि आकड्यांखाली मोहिमेचं नाव, तारीख आणि दादाचं नाव लिहिलं. मग मास्तरांचा अहवाल मोठ्याने वाचला, त्यांच्या सहीसकट. तीस जण ऐकत होते. बसायला मास्तरांनी खुर्ची चाचपली. ती खुर्ची तिने पुढे सरकवली नाही.

संध्याकाळी ते तिच्या खोलीच्या दारात आले. "ताई, तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. माफ करा."

"सूज डोळ्यांना दिसत होती," ती म्हणाली. "आणि दारूचं तुम्ही मनाने रचलंत. माफी नाही मिळणार." तिने दार लावलं आणि गाढ झोपली.

प्रशिक्षणार्थ्यांनी लेखी तक्रार केली, चौकशी बसली, मास्तरांचं पद गेलं. दुरुस्त केलेला अहवाल घरी आला. आईने बारा वर्षांनी चांगली साडी नेसली आणि तो कागद घेऊन गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली. ज्या शेजारणीने सगळ्यांत जास्त नाकं मुरडली होती, तिला आईने कागद दोनदा वाचायला लावला, दुसऱ्यांदा मोठ्याने.

बाटलीबाई बाजूला उभी राहून ऐकत होती. मास्तरांची दया येते का, हे तिने मनाशी तपासून पाहिलं. अजिबात येत नव्हती.