इस्मतचे फॉरवर्ड

इस्मत मुकादम लग्न होऊन सौदीतल्या जुबैलला आली तेव्हा तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मुरुडच्या मराठी शाळेत शिकलेली, चोवीस वर्षांची मुलगी. नवरा उमैर एका कंत्राटदाराकडे परांची बांधणाऱ्या टोळीवर सुपरवायझर होता. पहाटे पाचला कंपनीची बस त्याला उचलायची आणि संध्याकाळी सातला आणून सोडायची. बलदमध्ये, म्हणजे जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या दोन खोल्यांत इस्मत दिवसभर एकटी. शेजारीण इजिप्तची होती. हसण्यापलीकडे दोघींचं बोलणं जात नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर इंग्लंडमधले सामने लागायचे, तेही अरबीतून. तिला अक्षर कळायचं नाही. पण सांगणारा माणूस मध्येच भान हरपून एखादं नाव दहादा ओरडायचा, ते नाव मात्र कळायचं. ती ते देवनागरीत उतरवून ठेवायची. असं होता होता तिच्या लक्षात आलं की ओरडली जाणारी नावं बहुतेक पुढे खेळणाऱ्यांची असतात, फॉरवर्डची. आणि त्यातही तिला लाल जर्सीवाले आवडायला लागले. लिव्हरपूल.

तिथून जे वेड लागलं ते लागलंच. बलदमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात तिला क्लबच्या इतिहासाची दोन जाड पुस्तकं मिळाली. शब्दकोश मांडीवर घेऊन तिने ती वाचून काढली. पुढे घरात इंटरनेट आलं, मग काय विचारता! पण कोणी किती गोल मारले यात तिचा जीव रमायचा नाही. खेळाडूचा बाप काय करायचा, घरात भावंडं किती, क्लबात हा कोणाच्या जागी आला आणि गेला तेव्हा याच्या जागी कोण आलं, हे ती हुडकायची. इयन रश दहा भावंडांतला. रॉजर हंट विश्वचषक जिंकूनही शेवटी घरच्या मालवाहतुकीच्या धंद्यात गेला. अशा गोष्टी तिला तोंडपाठ झाल्या.

जुबैलमधल्या मराठी कुटुंबांचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला तेव्हा दर शुक्रवारी सकाळी ती एका फॉरवर्डची हकिगत मराठीत लिहून टाकायला लागली. नाशिक-पुण्याचे इंजिनियर, रत्नागिरी-रायगडचे दुकानदार, सगळे त्या ग्रुपवर होते. मासळीबाजारात अनोळखी माणसं उमैरला थांबवून विचारायची, “फुटबॉलवाल्या इस्मतबाईंचे मिस्टर ना तुम्ही?” उमैर घरी येऊन ते सांगायचा आणि इस्मत भाकरी थापता थापता “असूं दे हो” म्हणायची, पण पुढची भाकरी जरा जास्तच गोल व्हायची. दहा वर्षं हे चाललं. त्या गावात ते एकच काम असं होतं, की ते इस्मतशिवाय दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

मग मुग्धा आली.

मुग्धा पुण्याची, तिशीतली. नवरा हर्षवर्धन एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनियर. कंपनीने दिलेला बंगला, दारात गाडी, ती स्वतः चालवायची. आल्यावर महिन्याभरात गाजराचा केक घेऊन ती इस्मतकडे थडकली.

“इस्मतताई, तुमचं सगळं लिखाण मी स्क्रोल करून करून मागे जाऊन वाचलं. मी पण लहानपणापासून लिव्हरपूलवाली. मला शिकवाल?”

इस्मतला ती आवडली. खोटं कशाला बोला, फार आवडली. आठवड्यातून एक दुपार मुग्धा यायची, सोलकढी पीत बसायची आणि ऐकायची. इस्मतने तिला डेव्हिड फेअरक्लफची गोष्ट सांगितली. नेहमी राखीव म्हणून बसवलेला पोरगा. सत्त्याहत्तर साली सेंत-एतिएनविरुद्ध उतरला आणि शेवटच्या काही मिनिटांत गोल मारून सामना काढला. लोकांनी त्याला ‘सुपरसब’ नाव दिलं, आणि त्या बिचाऱ्याला तेच नाव आवडायचं नाही.

“का नाही आवडायचं?” मुग्धाने विचारलं.

“अगो, राखीव माणसाला राखीव म्हणून नावाजलं तर कसं आवडेल?”

मुग्धाने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “वा!”

पंधरा दिवसांनी त्या ‘वा’चा व्हिडिओ झाला. मुग्धाने मराठीत चॅनल काढलं होतं. छोटा माइक, मागे लाल पडदा, आवाज तर असा की ऐकत राहावं. इस्मतचं ते राखीव माणसाचं वाक्य तिने अगदी बरोबर जागी टाकलं होतं. “माझ्या एका मैत्रिणीने मला सांगितलं,” एवढंच म्हणून. आठवड्याभरात चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. इस्मतच्या शुक्रवारच्या लिखाणाला दहा वर्षांत कधी पंधरावर अंगठे मिळाले नव्हते.

ग्रुपवर मुग्धाचं कौतुक सुरू झालं. इस्मतनेही फुलांच्या गुच्छाचं चित्र टाकलं. मग फोन पालथा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला, जेवणाला चांगले चार तास होते तरी.

त्या दिवसापासून मुग्धाचं काहीच तिला सरळ दिसेना. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली तरी ती दाखवायला ठेवली असं वाटायचं. मुग्धा जर्सी घालून दम्मामच्या स्टेडियममध्ये सामना बघायला गेली आणि फोटो टाकले. बायकांना स्टेडियम उघडून कितीतरी वर्षं झाली होती. इस्मत एकदाही गेली नव्हती. तिला कोणी अडवलं नव्हतं, हीच खरी बोच होती. आता ती रोज मुग्धाचे आकडे बघायची. वाढले की दिवस वाईट जायचा, नाही वाढले की बरा.

तिची मुलगी समरीन बारावीत होती. एकदा तिने आईच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून म्हटलं, “अम्मी, यू आर सो जेलस!”

“जा, अभ्यास कर,” इस्मत म्हणाली. शुक्रवारचं लिहिणं तिने एव्हाना बंद केलं होतं. ‘वेळ मिळत नाही’ असं सांगायची.

ऑक्टोबरमध्ये मुग्धा बिली लिडेलबद्दल विचारायला आली. इस्मतचा सगळ्यांत लाडका फॉरवर्ड. स्कॉटलंडच्या खाणकामगाराचा मुलगा. महायुद्धात विमानात नॅव्हिगेटर होता. मग एकट्याच्या जोरावर संघ इतका ओढला की लोक लिव्हरपूलला ‘लिडलपूल’ म्हणायला लागले. आणि हे सगळं दुसरी नोकरी सांभाळून.

“नोकरी? कसली नोकरी करायचा?” मुग्धाने डोळे मोठे करून विचारलं.

अकाउंटंट होता तो. क्लबमध्ये येतानाच त्याने अट घातली होती की ते शिक्षण सोडणार नाही. इस्मतला हे स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण समोर मुग्धा पेन उघडून बसली होती. पुढच्या आठवड्यात हे चाळीस हजार लोकांना ती सांगणार आणि आपण पुन्हा ‘एक मैत्रीण’ होणार, हे इस्मतच्या मनात आलं.

“मास्तर होता,” ती म्हणाली. “शाळामास्तर.”

“काय सांगता! माझी आई पण शिक्षिका!”

आता सांग, चूक झाली म्हण, असं इस्मतचं मन म्हणत होतं. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, “ताई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?” ते ऐकून इस्मत जास्तच कडू झाली, आणि उठून पेले विसळायला गेली.

मुग्धाने आख्खा व्हिडिओ त्या मास्तरावर उभा केला. आईच्या शाळेतल्या आठवणी, हाताला लागलेला खडू आणि तो लाल जर्सीतला मास्तर. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लाखाच्या जवळ गेला तो. इस्मत वाट बघत होती की कोणीतरी चूक काढेल आणि मुग्धाचं हसं होईल. कोणीही काढली नाही. मराठीत ऐकणाऱ्यांना लिडेल माहीतच नव्हता.

नोव्हेंबरात हवा निवळली आणि मराठी मंडळींनी स्नेहमेळावा ठेवला. गावाबाहेरची एक इस्तिराहा, म्हणजे भिंतींआडची हिरवळ आणि बसायच्या खोल्या, दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. जेवणं झाल्यावर मोठ्या पडद्यावर मुग्धाचा तो लिडेलवरचा व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या. मुग्धाने माइक घेतला.

“यातलं सगळं इस्मतताईंचं आहे. पहिल्या व्हिडिओपासून त्यांचं नाव घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही. ते चुकलं माझं. बाकी कोणी काही सांगितलं तर मी तीन ठिकाणी तपासून बघते. ताईंनी सांगितलेलं तपासत नाही.”

इस्मतला पुढे बोलावलं. दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. उमैर तर डोक्यावर हात नेऊन वाजवत होता. आणि अगदी खरं सांगायचं तर क्षणभर इस्मतला ते गोड लागलं. दुसऱ्या क्षणी ते ‘तपासत नाही’ आठवलं. माइक समोर असूनही ती नुसतं “शुक्रिया” म्हणून खाली उतरली.

तिथेच समरीनच्या शाळेच्या रेवा मॅडम होत्या. त्यांना लिडेलची गोष्ट इतकी भावली की शाळेच्या स्पोर्ट्स डेला ती मुलांना सांगायची असं त्यांनी ठरवून टाकलं. सांगणार कोण? हाउस कॅप्टन समरीन मुकादम.

पुढचे चार दिवस समरीन आरशासमोर उभी राहून घोकत होती, “अ टीचर बाय मॉर्निंग, अ हीरो बाय आफ्टरनून...” इस्मत स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. पाचव्या दिवशी तिने टॅक्सी केली आणि मुग्धाच्या बंगल्यावर गेली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच तिथे जात होती. मुग्धाने बोलावलं नव्हतं असं नाही. हीच जात नव्हती.

चहा यायच्या आधीच ती बोलली. “मुग्धा, लिडेल मास्तर नव्हता. अकाउंटंट होता.”

मुग्धा हसली. “अरेच्चा! विसरलात का? होतं हो ताई, इतकी नावं लक्षात ठेवायची म्हणजे.”

दार असं सताड उघडं होतं. ‘हो, विसरले’ म्हटलं की सुटका.

“विसरले नाही,” इस्मत म्हणाली. “मुद्दाम सांगितलं.”

“का?”

“तुला सगळे ऐकतात म्हणून. माझ्याकडे एवढंच होतं गो, आणि तू आलीस आणि ते तुझं झालं. तू पडावीस असं वाटलं मला.”

“माझ्या आईने तो व्हिडिओ तिच्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलाय,” मुग्धा हळूच म्हणाली. मग उठली. “मी तुम्हाला घरी सोडते.”

“नको. टॅक्सी आहे.”

“मग ठीक.”

घरी येऊन इस्मतने समरीनलाही सांगितलं. पोरीने घोकलेला कागद हातात धरून विचारलं, “बट व्हाय, अम्मी?”

“जळत होते.”

समरीन खोलीत जाऊन नवा कागद लिहायला बसली. मध्ये एकदाच बाहेर येऊन तिने विचारलं, “खाणकामगार का बेटा, ये तो सच है ना?” इस्मतने पुस्तक काढून पान समोर धरलं. आपल्या मुलीलाही आता पान दाखवावं लागतं, हे तिला त्या दिवशी सगळ्यांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मुग्धाने चॅनलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. लाल पडदा नव्हता, केसही नीट विंचरलेले नव्हते. ‘मागच्या भागात मी चुकीची माहिती दिली. लिडेल शिक्षक नव्हते. तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.’ इस्मतचं नाव नाही, इशारासुद्धा नाही. लोकांनी तिच्या प्रामाणिकपणाची इतकी वाहवा केली की मूळ व्हिडिओपेक्षा हा जास्त चालला. इस्मत तो बघत होती आणि आतून पुन्हा तीच जुनी कळ आली. चूक आपण केली होती, आणि ती कबूल करण्यातही ही पोरगी आपल्यापेक्षा सरस निघाली! स्वतःची लाज वाटली, पण म्हणून कळ काही कमी झाली नाही.

स्पोर्ट्स डेला समरीन छान बोलली. खाणकामगाराचा मुलगा, युद्धातला नॅव्हिगेटर, आकडेमोड करणारा फॉरवर्ड. मुलांनी शिट्ट्या मारल्या. मुग्धा पुढच्या रांगेत होती. तिने वळून इस्मतला मान लववून सलाम केला आणि कार्यक्रम संपल्यावर निघून गेली.

केक घेऊन ती पुन्हा आली नाही. तीन आठवड्यांनी मात्र मेसेज आला: ‘डाल्ग्लिश कीगनच्या जागी आला तेव्हा लोक काय म्हणत होते? पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवाल का?’ इस्मत फोटोच्या त्या मागणीकडे किती तरी वेळ बघत बसली. मग खिडकीशी उजेडात पुस्तक धरून तिने त्याबद्दलच्या तिन्ही पानांचे फोटो काढले आणि पाठवले. तेव्हापासून हे असंच चालतं. प्रश्न येतो, पान जातं. व्हिडिओच्या शेवटी इस्मतचं नाव ठळक अक्षरात असतं.

उमैरने मागे लागून लागून तिला शुक्रवारचं लिहिणंही पुन्हा सुरू करायला लावलं. तेरा-चौदा अंगठे येतात.

परवा मुग्धाचा नवा व्हिडिओ आला, तो इस्मतने मिनिटाच्या आत उघडला. शेवटपर्यंत पाहिला. चांगला होता, फारच चांगला. पण एका ठिकाणी मुग्धाने साल चुकवलं होतं. इस्मतने लगेच कळवलं: ‘सातव्या मिनिटाला अठ्ठ्याऐंशी हवं, सत्त्याऐंशी नाही. पान पाठवते.’

‘थँक यू ताई, वाचवलंत,’ उत्तर आलं.

इस्मतला ते वाचून बरं वाटलं. मुग्धाची चूक सापडली, याचं त्याहून थोडं अधिक बरं वाटलं. ती उठली आणि सुरमई साफ करायला घेतली.