प्रोफेसर या शब्दाचा अर्थ

माझ्या शेजारच्या वर्गात एक सर इतिहास शिकवतात. मधली भिंत प्लायवूडची असल्याने त्यांचा तास मला माझ्या वर्गात ऐकू येतो. नाशिकरोडच्या आमच्या कॉलेजात ते कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे दरवर्षी आपल्याच जागेसाठी नव्याने मुलाखत द्यायची. घोटीहून एसटीने येतात, स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि कायम नोकरीतलं कुणी आलं की उठून जागा देतात.

वर्षाच्या पहिल्या तासाला मात्र त्यांचा आवाज वेगळाच लागायचा. "प्रोफेसर हा शब्द लॅटिनमधला आहे, पोरांनो. चारचौघांत उभं राहून, मला हे खरं वाटतं, असं जाहीर सांगणारा तो प्रोफेसर. पगार वगैरे नंतर आलं."

गेल्या हिवाळ्यात तपासणी समिती आली. सगळ्यांनी आपण कायम आहोत असंच सांगायचं, असं प्राचार्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. समितीतल्या बाईंनी नेमकं इतिहासाच्या सरांनाच विचारलं, "सर, आपण इथे कायम आहात ना?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे चहाच्या कपात बघत होतो.

"हो," ते म्हणाले. "पूर्णवेळ प्राध्यापक."

त्या दुपारी डबा न उघडताच ते स्टँडवर निघून गेले.

यंदा मुलाखतीत त्यांना पुन्हा घेतलं. पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहायची थांबले आणि भिंतीकडे कान दिला. पलीकडे हजेरी घेऊन झाली.

"पुस्तकं काढा," मग ते म्हणाले. "पान पहिलं."