काबूलच्या बाई

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नवरा ओसाकाच्या विद्यापीठात संशोधन करत होता आणि मी वॉर्ड ऑफिसातल्या वर्गात जपानी शिकत होते. एके दिवशी वर्ग संपल्यावर आमच्या सेन्सेईंनी मला थांबवलं.

"अफगाणिस्तानातल्या एक बाई आश्रय मागताहेत. इमिग्रेशनच्या कचेरीत त्यांची मुलाखत आहे. त्या उर्दू बोलतात. तुमच्या हिंदीसारखीच ना ती?"

"बरीचशी," मी म्हटलं आणि अडकले. माझं जपानी भाजी घेण्यापुरतं, फार तर दाताच्या डॉक्टरला दुखणं सांगण्यापुरतं. 'छळ' हा शब्द शब्दकोशातून पाठ करून गेले.

बाई चाळिशीच्या असाव्यात. पेशावरला कॉलेज केल्यामुळे उर्दू स्वच्छ. काबूलमध्ये गणित शिकवायच्या. मुलींच्या शाळा बंद झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरात वर्ग घेतला. ते बाहेर फुटलं. त्या वेळी त्या माहेरी गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. कोबेत जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दिराने बोलावून घेतलं, तशा इथवर आल्या.

अधिकारी वयस्कर होते, हळू बोलायचे. सुरुवातीलाच मला म्हणाले, "'त्या म्हणतात' असं सांगू नका. त्या 'मी' म्हणाल्या, तर तुम्हीही 'मी'च म्हणा."

पहिला प्रश्न उशिराचा होता. आल्यावर दोन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, असा तेव्हा नियम होता. बाईंनी ती मुदत कधीच ओलांडली होती.

"लगेच का आला नाहीत?"

"हिवाळा संपला की परत जाऊ असं वाटत होतं," बाई म्हणाल्या. "घर सोडलं असं कागदावर लिहून द्यायला हात कसा उठेल?"

मी ते जमेल तसं सांगितलं. मग अधिकाऱ्यांनी वर्गाबद्दल विचारलं. मुली एकेकट्या, कणकेच्या परातीत वह्या दडवून यायच्या. शेजारच्यांना रोट्या भाजायला येतात असं सांगायच्या. अधिकारी लिहून घेत होते.

"आणि वर्ग पकडला गेला त्या दिवशी?"

बाई शांतपणे, एका दमात बोलल्या. मग माझी पाळी आली.

"ते घरी आले," मी जपानीत म्हटलं. "मी नव्हते. माझ्या नवऱ्याला घेऊन गेले. माझ्या नवऱ्याचे बूट दारातच…"

माझा नवरा त्या वेळी प्रयोगशाळेत होता, संध्याकाळी घरी येणार होता, तरी मला हुंदका आला. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आराम से, बहन. मैं कहीं नहीं जा रही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. घोटभर पाणी पिऊन मी ते वाक्य पुरं केलं.

अर्ज नामंजूर झाला. कारणांत पहिलंच होतं, मुदत उलटली. सेन्सेईंनी एक वकील गाठून दिला, अपील झालं, वर्ष त्यात गेलं. शेवटी उत्तर आलं: निर्वासित म्हणून मान्यता नाही, पण खास बाब म्हणून जपानमध्ये राहायला परवानगी.

"म्हणजे माझं खरं मानलं की नाही?" बाईंनी मला विचारलं.

"खोटं वाटलं असतं तर राहू दिलं नसतं," मी म्हटलं. मला स्वतःला तेवढी खात्री नव्हती.

"मग तसं लिहायला काय झालं?"



पुढच्याच आठवड्यात त्या जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात लागल्या. दिराचं घर सोडून स्टेशनजवळ एक खोली घेतली. नवऱ्याची काहीच बातमी नव्हती. एका रविवारी त्यांनी मला पडदे घ्यायला सोबत नेलं. दुकानात त्यांनी बरेच पडदे उलगडले, एक गर्द निळा उजेडात धरून पाहिला.

"हा टिकेल ना?" त्यांनी विचारलं.

"टिकेल की. चांगला जाड आहे. दहा हिवाळे सहज काढेल."

तो हातात धरून त्या तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. मुलाखतीत डोळ्यांत टिपूसही नव्हतं. दुकानातली मुलगी घाबरून जवळ आली. मी तिला हातानेच थांब म्हटलं आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.